घरचा काळा मसाला बाजारात आणतोय, पुडा कुठल्या रंगाचा करावा?

बोरीकाठची

राम राम मंडळी.

आम्ही पारोळा तालुक्यातले. सासूबाईंच्या हातचा काळा मसाला वर्षानुवर्षं नात्यागोत्यात जातोय. आमची निम्मी भाऊबंदकी सुरतला, उधना-लिंबायतकडे, उरलेली पुणे-नाशकात. गावाहून कोणी निघालं की त्याच्या पिशवीत मसाला आणि बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) चवड ठरलेली. आता पैसे देऊन मागणारे वाढलेत, म्हणून एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून रीतसर पुडा काढतोय. नाव ठरलं, वजन ठरलं, गाडी अडलीय रंगावर.

घरात तीन पक्ष पडलेत. धाकटे दीर पुण्याला असतात, त्यांना मॅट काळा पाऊच आणि त्यावर सोनेरी अक्षरं हवीत. "प्रीमियम वाटतं, वहिनी." सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला: "काया पुडामा मसाला? आन् तो रुखवतमा ठेवाना?" आणि जळगावचा डिझाइन करून देणारा मुलगा म्हणतो, मसाला म्हणजे लाल-पिवळं, त्यात विचार काय करायचा.

नेटवर बघावं तर जिकडे तिकडे तोच तक्ता. लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, जांभळा म्हणजे राजेशाही, काळा म्हणजे श्रीमंती. शिवाय गिऱ्हाईक पहिल्या 90 सेकंदांत मत बनवतं आणि त्यातलं बरंचसं रंगावरून, असंही सगळीकडे लिहिलेलं. यात खरं किती? छपाईचा खर्च बघता एकदा छापलं की लवकर बदलता येणार नाही, म्हणून आधीच विचारते.

कळणाभाकर

रंग कुठलाही ठेवा ताई, नाशिकरोडला कधी पोचवता ते सांगा. इथे काळा मसाला म्हणून जे मिळतं त्याची शेवभाजी गोड लागते हो, गोड!

फुकटचा_सल्ला

भो, एवढा खल कशाला? आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर भरीत विकतात ते केळीच्या पानावर नाहीतर पेपरात. त्याला कोणी ब्रँडिंग केलं? चव असली की लोक हुडकत येतात. हे रंगाचं मानसशास्त्र वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत.

प्रीप्रेस_धुळे

फुकटचा_सल्ला, भरीत डोळ्यांसमोर भाजतात, वांग्याच्या धुराचा वास चौकापर्यंत येतो. बंद पुड्याला वास नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या हातात फक्त डोळे उरतात.

बोरीकाठची ताई, मी पॅकेजिंगची फाइल छपाईला तयार करायचं काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

तो तक्ता बाजूला ठेवा. 90 सेकंदांचा आकडाही ठेवा. जो तो दुसऱ्याच्या लेखातून उचलतो आणि मूळ प्रयोग काय होता, कोणावर केला, हे कोणी लिहीत नाही. रंगाला स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो. तो कशावर लावलाय, कोणाच्या शेजारी उभा आहे आणि कुठल्या उजेडात दिसतोय, यावर सगळं ठरतं. निर्मा पावडर पिवळी होती, तिच्यासमोर सर्फ निळा. तक्त्यात पिवळ्यापुढे 'स्वच्छता' लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही, पण घराघरात कपडे धुतलेच ना त्या पिवळ्या पावडरीने?

आता काम करायचं ते असं. पारोळ्याच्या बाजारपेठेतल्या दोन-तीन किराणा दुकानांत जा आणि जिथे मसाल्याच्या माळा टांगलेल्या असतात त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तो फोटो आधी रंगीत बघा, मग काळा-पांढरा करून बघा. रंगीत फोटोत सगळं लालभडक दिसेल. काळ्या-पांढऱ्यात सगळे पुडे एकाच राखाडी छटेचे होतील, कारण लाल आणि हिरवा दिसायला कितीही वेगळे असले तरी उजळपणाने पुष्कळदा सारखेच पडतात. तुमचा पुडा त्या काळ्या-पांढऱ्या फोटोतही वेगळा उठला पाहिजे. लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. आपल्याकडे मांसाहाराचं चिन्ह आधी तपकिरी गोल होतं, ते 2020 च्या लेबलिंग नियमांत तपकिरी त्रिकोण झालं ते याच कारणाने. हिरवा गोल आणि तपकिरी गोल काहींना एकच दिसतात.

आता दिरांच्या काळ्या मॅटबद्दल. पुण्यातल्या काचेच्या, एसीच्या दुकानात तो देखणा दिसेल, वाद नाही. आपल्याकडे दुकानाला दार नसतं, शटर असतं, आणि समोरून दिवसभर ट्रॅक्टर जातात. काळ्या मॅटवर धूळ पिठासारखी दिसते. पुसायला जावं तर बोटाचा तेलकट ठसा उमटतो. नखाचा ओरखडा गेला की पांढरी रेघ पडते, ती जात नाही. माळेतला पुढचा पुडा महिन्याभरात जुना दिसायला लागतो आणि गिऱ्हाईक हात घालून मागचा ओढतं. तुमचा माल ताजा असला तरी पुडा शिळा दिसतो.

दुसरं, सोनेरी अक्षरं. काळ्या पार्श्वभूमीतून देवनागरी कोरून काढायची म्हणजे जोखीम असते. काळा गडद यावा म्हणून बरेचजण छपाईचे चारही रंग (निळा, गुलाबी, पिवळा, काळा) एकावर एक टाकतात. मशीनवर त्यातला एखादा केसभर जरी सरकला तरी अक्षराच्या कडेला निळी नाहीतर गुलाबी झाक येते. आणि बारीक टायपात रेफ, अनुस्वार, 'स' मधली पोकळी शाईने भरून जाते. पाठीमागे घटक लिहिताना 'धणे, दगडफूल, खोबरं' यातला 'धणे' कोणालाच वाचता येत नाही. मोठं नाव चालेल, बारीक मजकूर नको.

सोनेरीसाठी एक युक्ती सांगतो, त्यात वेगळा पैसा पडत नाही. पाऊचच्या आत चांदीसारखी मेटलाइज्ड फिल्म असतेच. छपाईत बाकी रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर देतात. जिथे सोनेरी हवं तिथे तो पांढरा थर सोडायचा आणि नुसता पारदर्शक पिवळा टाकायचा. खालची चांदी वर येते आणि पिवळ्यातून सोनं दिसतं.

पाऊचला पारदर्शक खिडकी ठेवू नका. डिझाइनवाला सुचवेल, कारण दिसायला छान असते. पण मिरचीचा रंग उजेडाने उडतो आणि भाजलेल्या खोबऱ्याचं तेल उजेडात लवकर खवट होतं. शिवाय आतून तेलाचा डाग चढला की खिडकी धुरकट दिसते.

सुरतकर_खान्देशी

धुळेकरांनी दुकानाचं लिहिलं ते बरोबर, पण ताईंचं निम्मं गिऱ्हाईक सुरतचं आहे. आमच्याकडे हा माल दुकानात येतच नाही. गावचा कोणीतरी ट्रॅव्हल्सने खोकं पाठवतो, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतो आणि बायका खाली 'मला दोन' लिहितात. म्हणजे रंग बघायचा तो नखाएवढ्या फोटोत. परवा एका ग्रुपवर लोणच्याचा फोटो होता. तपकिरी बरणी, तपकिरी लेबल, मागे लाकडी टेबल. मी आधी फर्निचरची जाहिरात समजून पुढे गेलो.

दगडफूल

मी मानसशास्त्र शिकवते, जळगाव जिल्ह्यातच. तक्त्याबद्दल थोडं.

तक्ता साफ खोटा आहे असं नाही, तो अर्धा आहे. बॉटमली आणि डॉइल यांनी 2006 मध्ये रंग आणि ब्रँड यांच्यावर अभ्यास केला. त्यात रंग 'चांगला की वाईट' यापेक्षा तो वस्तूला शोभतो की नाही हा प्रश्न होता. कामाच्या, उपयोगाच्या वस्तूंना निळा शोभला. मौजेच्या, चैनीच्या वस्तूंना लाल. म्हणजे 'निळा म्हणजे विश्वास' हे पाण्याच्या पंपाला लागू होईल, मसाल्याला होईलच असं नाही.

दुसरा अभ्यास मला जास्त पटतो. पामर आणि श्लॉस, 2010. त्यांचं म्हणणं असं की माणसाला एखादा रंग आवडतो तो त्या रंगाच्या वस्तू आवडतात म्हणून. निळा पुष्कळांना आवडतो कारण स्वच्छ पाणी, निरभ्र आकाश. (मे महिन्यात भुसावळला निरभ्र आकाश आवडणारा माणूस कोणाला भेटला तर कळवा.) मग दीर आणि सासूबाई दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतात. दिरांच्या डोळ्यांसमोर काळा म्हणजे फोन, गाडी, घड्याळाचा डबा. त्यांच्या आईच्या डोळ्यांसमोर काळा म्हणजे दारावरची बाहुली आणि बिब्बा. संक्रांत सोडली तर शुभकार्यात काळं कोणी नेसत नाही. प्रश्न एवढाच की पुडा विकत कोण घेणार आणि कोणाच्या घरी नेऊन देणार.

लाल रंगाचं एक सांगते. फ्रान्समध्ये 2001 साली मोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन दिली, पण चव-वास नसलेला लाल रंग मिसळून. त्या विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेलं नाकसुद्धा डोळ्यांच्या मागे गेलं. तुमचा मसाला लालभडक पुड्यात घातलात तर गिऱ्हाईक लाल तिखटाचा झणका मनात धरून बसेल. काळ्या मसाल्याची चव भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याची, दगडफुलाची. ती खोल असते, जिभेला चटका देऊन मोकळी होत नाही. लाल पुडा तुमच्या मसाल्याबद्दल चुकीचा निरोप देईल.

फुकटचा_सल्ला

फ्रान्सची वाइन आणि पारोळ्याचा मसाला! तिथल्या पोरांवर केलेले प्रयोग आपल्याला कसे लागू?

दगडफूल

आकडे जसेच्या तसे लागू करू नका, बरोबर. डोळा नाका-जिभेला फसवतो एवढंच घ्या. खात्री करायची तर घरीच करा. एकच मसाला दोन वाट्यांत काढा, एकीखाली लाल कागद, दुसरीखाली तपकिरी. शेजारच्या बायकांना चाखायला द्या आणि कुठला जास्त तिखट ते विचारा. तुम्ही काही बोलू नका, चेहराही सरळ ठेवा.

कपाशी_आबा

आम्हा शेतकऱ्यांना रंगाचं शास्त्र नवीन नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात त्रिकोण असतो तो बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. हे सरकारने नेमून दिलेलं. तरी हिरवा त्रिकोण बघून "हे काय, नैसर्गिकच आहे" म्हणणारे लोक मी बघितलेत. अरे, सौम्य झालं तरी विषच ते, तोंडाला फडकं बांध! बियाण्याच्या पिशवीचंही तसंच. पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी-पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. टॅग बघून भाव कळतो. म्हणजे कायद्याने नेमून दिलेला रंग वेगळा आणि सवयीने चिकटलेला अर्थ वेगळा, त्यांची गल्लत होते.

बाकी ताई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. पण काळ्या मातीत कपाशी पिकवणाऱ्या माणसांना काळा अशुभ कसा, हे मला या वयातही उमगलं नाही.

अमळनेरकर

आमच्या गावाचं नाव निघायलाच हवं होतं, कोणी काढेना म्हणून मीच काढतो. विप्रो 1945 साली अमळनेरला सुरू झाली ती वनस्पती तुपाची कंपनी म्हणून, आणि तुपाचं नावच सनफ्लॉवर होतं. पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यात नाव झाल्यावर 1998 मध्ये त्यांनी इंद्रधनुषी फूल घेतलं आणि 2017 मध्ये ते बदलून रंगीत ठिपके आले. धंदा बदलला तशी खूण बदलत गेली.

पण हे फूल बघून मसाल्याच्या लोगोत सात रंग घालू नका. त्यांचा लोगो राहतो स्क्रीनवर आणि गुळगुळीत कागदावर. तुमचा लोगो जाणार खोक्यावर रबरी शिक्क्याने, बिलबुकावर एका रंगात, आणि टेम्पोच्या मागे पेंटरच्या हातून. एका रंगात, रुपयाच्या नाण्याएवढा छापून ओळखू येतो का ते आधी बघा.

प्रीप्रेस_धुळे

+1. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोगोंची ही परीक्षा होतच नाही.

फ्लेक्सबद्दलही सांगून ठेवतो, कारण पुडा झाला की पुढचं काम बोर्डाचंच. आपल्या उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. रस्त्याकडेचे जुने बोर्ड बघा, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर निळसर मुर्दाड झाक असते. लाल-पिवळ्यावरच सगळी भिस्त ठेवलीत तर वर्षभराने बोर्डावरचं नाव हुडकावं लागेल.

संपादक मंडळ

भगवा, निळा, हिरवा, कोणाचा कुठला, यावर सुरू झालेले प्रतिसाद उडवले आहेत. धागा मसाल्याचा आहे.

धुळे_कोर्टरोड

संपादकांनी उडवलेल्या प्रतिसादांत एक मुद्दा कामाचाही होता: 'प्रसिद्ध मसाल्यासारखाच लाल पुडा करा, आपोआप खपतो.' असं करू नका, ताई. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत रंगांचा मेळही येतो. कोलगेट विरुद्ध अँकर हा 2003 चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल दंतमंजनाच्या डब्याचा होता. लाल-पांढऱ्याची वाटणी तशीच, डब्याची ठेवण तशीच. नाव वेगळं असूनही न्यायालयाने त्या रंगसंगतीला मनाई केली. लाल रंग कोणाच्या बापाचा नाही, पण तोच लाल, तेवढाच पट्टा, तीच मांडणी असं सगळं जुळलं की नोटीस येऊ शकते. छोट्या माणसाला खटल्यापेक्षा छापलेले पाऊच फेकून द्यावे लागणं जास्त जड जातं.

आणि किंमत व निव्वळ वजन पार्श्वभूमीवर ठळक उठेल अशा रंगातच लागतं, तो वजनमापाच्या 2011 च्या नियमांचा भाग आहे. गडद चॉकलेटीवर बारीक मरून अक्षरात एमआरपी, असले नखरे नकोत.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. कळणाभाकर, नाशिकरोडची ऑर्डर लिहून घेतली.

धुळेकर दादा, दुकानांत जाऊन फोटो काढले. तुम्ही म्हणालात तसंच, काळ्या-पांढऱ्यात सगळे पुडे एकाच कढईत घातल्यासारखे. उठून दिसला तो फक्त एक पापडाचा पुडा, पांढऱ्यावर जाड निळं नाव. बिचारा मसाल्यांच्या गर्दीत चुकून टांगलेला होता.

वाट्यांचाही प्रयोग केला. शेजारच्या काकूंनी दोन्हीकडचा मसाला चाखला आणि म्हणाल्या, "दोन्ही सारखाच शे, पन मीठ कमी शे." त्यामुळे विज्ञान तिथेच थांबलं. जाऊबाईंनी मात्र लाल कागदावरचा तिखट सांगितला.

आता मनात असं आहे: मुख्य रंग मसाल्याचाच, भाजलेल्या खोबऱ्यासारखा गडद तपकिरी, काळ्याच्या जवळ जाणारा पण काळा नाही. वर रुंद हळदी पट्टा, त्यावर नाव. सासूबाईंना पट्टा आवडला, हळद म्हटल्यावर रुखवताचा प्रश्न मिटला. दीर अजून फुगलेले आहेत. त्यांना सांगितलंय की दिवाळीला पुण्यासाठी भेटीचा खोका करू, तो काळा-सोनेरी करा, तिथे धूळ बसत नाही.

दोन शंका. पहिली, छपाईवाल्याने आठ रंगांचा हिशेब दिलाय, तेवढे लागतात का? दुसरी, डिझाइन मोबाइलवर झक्क पिवळं दिसतं, कागदी प्रिंटमध्ये मळकं आलं. कोणावर विश्वास ठेवू?

प्रीप्रेस_धुळे

आठ लागत नाहीत. ग्राव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्याचे पैसे सुरुवातीलाच जातात. तुमच्या डिझाइनमध्ये फोटो नसेल तर तपकिरी, पिवळा, काळा, पांढरा आणि शाकाहारी चिन्हापुरता हिरवा, एवढ्यात भागतं. ते हिरवं चिन्ह तपकिरीवर थेट बसवू नका, मागे पांढरा चौकोन द्या. आणि पहिला माल थोडा असेल तर सिलिंडरच्या फंदात पडूच नका. साधा तपकिरी तयार पाऊच घ्या आणि त्यावर छापील लेबल चिकटवा. गिऱ्हाईक बसलं की पुढचं.

मोबाइलवर विश्वास ठेवू नका. स्क्रीन स्वतःच उजेड देते, शाई देत नाही. पिवळ्यात जरा जरी काळा किंवा निळा मिसळला की तो मळतो. डिझाइनवाल्याला विचारा, पिवळ्यात निळ्याचे किती टक्के टाकलेत? शून्य करायला सांगा, थोडा मॅजेंटा (छपाईतला गुलाबी) ठेवला की हळदीची छटा येते. पँटोनचं (प्रत्येक छटेला नंबर दिलेलं) छापील शेडकार्ड ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे बसून नंबर ठरवा, आणि तो दिवसाच्या उजेडात बघा, नंतर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली. पसंत पडलेल्या नमुन्यावर छपाईवाल्याची सही घ्या.

सुरतकर_खान्देशी

हळदी पट्टा व्हॉट्सअॅपवर मस्त उठेल. फोटो काढताना फक्त पिवळ्या ओट्यावर ठेवू नका.

कपाशी_आबा

बिबड्यांना पण हाच पट्टा ठेवा बरं. आम्ही म्हातारे नाव वाचत नाही, पट्टा बघून मागतो.

बोरीकाठची

आबा, हो. बिबड्यांना पट्टा तोच, खालचा रंग ज्वारीसारखा फिका.

बारकोडचं विचारायचं राहिलं. डिझाइनवाल्याने तो तपकिरी रेघांत काढलाय, डिझाइनला शोभतो म्हणून. चालेल?

प्रीप्रेस_धुळे

अजिबात नाही. दुकानातले बहुतेक स्कॅनर लाल उजेडाने वाचतात. लाल, केशरी रेघा त्या उजेडात पांढऱ्याशार दिसतात, तपकिरीही फिक्या पडतात आणि मशीनला वाचता येईलच असं नाही. पांढरा चौकोन ठेवा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा आणि रेघा काळ्या ठेवा, तोही एकट्या काळ्या सिलिंडरचा, चार रंग मिसळून केलेला नको. फाइल पाठवा, छपाईला देण्याआधी एकदा बघून देतो.